फुकटचं, पण कवडीमोल नव्हे

मसाल्याचं प्रमाण विचारलं, की ‘अगं, अंदाजानेच घालते मी’ म्हणून विषय बदलणारी एखादी काकू प्रत्येकीच्या नात्यात असते. मायक्रोसॉफ्टच्या ज्या ‘डॉटनेट’वर मी 2003 पासून प्रोग्रॅमिंग करते, तिथलं वातावरणही बरीच वर्षं तसंच होतं. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, वापरायचं. आत काय दडलंय ते विचारायचं नाही.

‘ओपन सोर्स’ याच्या अगदी उलट. प्रोग्रॅमची मूळ कृतीच सगळ्यांसमोर उघडी. कुणीही वाचावी, वापरावी, सुधारून पुढे द्यावी. लिनक्स हे त्यातलं गाजलेलं नाव. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी या लिनक्सला चक्क कॅन्सरची उपमा दिली होती!

घरातल्या मोठ्यांचं बोलणं धाकट्यांत झिरपतंच. ‘फुकटचं आहे, उद्या बिघडलं तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न मी कितीतरी मीटिंगमध्ये ऐकला. प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण त्यात अढीही होती. कंपनीचा शिक्का असेल तरच माल चोख, अशी.

या अढीची किंमत कुणीतरी मोजतच होतं. ‘एनडॉक’ नावाचं एक ओपन सोर्स साधन होतं. प्रोग्रॅमची माहिती नीट लिहून काढायचं कंटाळवाणं काम ते आपोआप करायचं. पुष्कळ डॉटनेटवाले ते वापरत. 2006 मध्ये त्याच्या कर्त्याने काम थांबवलं. वापरणारे भरपूर, हातभार लावणारे मोजके, ही त्याची व्यथा. त्यात मायक्रोसॉफ्टनेही तसंच साधन आणायचं जाहीर केलं. मैत्रिणींनो, ते वाचून मला आपलं घरकाम आठवलं. लागतं सगळ्यांना, पण पगार नाही म्हणून मोजदादही नाही.

मग वारं फिरलं. नोव्हेंबर 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेटचा गाभाच खुला करायची घोषणा केली. 2016 मध्ये तो लिनक्सवरही चालू लागला. 2018 मध्ये ओपन सोर्सवाल्यांचा अड्डा असलेली ‘गिटहब’ कंपनी त्यांनी 750 कोटी डॉलरला घेतली. ओपन सोर्सच्या बाबतीत आपण चुकीच्या बाजूला होतो, असं कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ 2020 मध्ये उघडपणे म्हणाले.

यात आपल्याला काय, असं वाटेल. सांगते. माझी एक सहकारी, कामात वाघीण, बाळंतपणासाठी नोकरी सोडून गेली. सहा वर्षांनी पुन्हा मुलाखती देऊ लागली, तर दाखवायला हातात काहीच नाही. तिचं सगळं काम जुन्या कंपनीच्या तिजोरीत बंद. आज लातूर-सावंतवाडीची मुलगीही डॉटनेटचा खरा कोड घरबसल्या वाचू शकते, त्यातली चूक सुधारून पाठवू शकते. ती स्वीकारली गेली, की तिचं नाव तारखेसकट तिथे राहतं. नोकरी सुटली तरी ते पुसलं जात नाही.

पण हे करायचं कधी? ओटा आवरून, मुलांना झोपवून, रात्री साडेअकराला? बिनपगारी कामासाठी मोकळा वेळ लागतो आणि तो बहुतेकदा पुरुषांकडेच असतो. म्हणून मी ऑफिसात हट्टच धरला. आपली उत्पादनं या लोकांच्या कोडवर उभी आहेत, तर परतफेड कामाच्या वेळेत व्हावी. वरिष्ठांनी सहा महिने टोलवलं. शेवटी शुक्रवारचे दोन तास मिळाले. आमच्या टीममधल्या तिघी आता त्या वेळात काम करतात, स्वतःच्या नावाने.

जानेवारी 2025 मध्ये ‘फ्लुएंट असर्शन्स’ या डॉटनेटवाल्यांच्या लाडक्या साधनाच्या नव्या आवृत्तीसाठी कंपन्यांना पैसे भरावे लागतील, असं ठरलं. केवढा ओरडा झाला! खिशाला चाट बसणार म्हणून मीही वैतागले. पण वर्षानुवर्षं राबणाऱ्याने मोबदला मागितला, तर त्यात पाप कसलं? कृती वाटून घेणं वेगळं, राबणाऱ्याला गृहीत धरणं वेगळं.

तुमची लेक, सून, भाची कॉम्प्युटर शिकत असेल, तर परीक्षेच्या मार्कांबरोबर एवढंही विचारा, ‘जगाला दिसेल असं तुझ्या नावावर काय आहे गं?’ आणि ती ते करायला बसली, की संध्याकाळचा कुकर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी लावू दे.