पुंजनियमांच्या अंमलाची सरहद्द

सृष्टीचा कायदा थोरांस एक आणि लहानांस दुसरा असू शकतो काय, हा प्रश्न सतराव्या शतकात न्यूटनने कायमचा निकालात काढला असे वाटले होते. कारण आकाशातील चंद्र आणि फांदीवरून गळणारे फळ या दोहोंवर एकाच गुरुत्वाकर्षणाचा अंमल चालतो असे त्याने दाखवून दिले, आणि स्वर्ग व पृथ्वी यांमधील जुनी सरहद्द पुसली गेली. विसाव्या शतकात पुंजयामिकीचा उदय झाला आणि तोच प्रश्न उलट्या बाजूने पुन्हा उभा राहिला. अणू, इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण यांच्या सृष्टीत जे नियम निरपवाद चालतात, ते घरातल्या मेजाला, त्याखाली झोपलेल्या मांजराला आणि त्या मांजराकडे पाहणाऱ्या माणसाला लागू आहेत की नाहीत? आणि लागू असतील, तर त्यांची चिन्हे आपल्या दृष्टीस का पडत नाहीत?

या नियमांतील सर्वांत विलक्षण नियम अध्यारोपणाचा. दोन फटी असलेल्या पडद्याकडे एकेक इलेक्ट्रॉन सोडला, तर तो या फटीतून गेला की त्या, असे म्हणण्याची सोय राहत नाही. त्याची अवस्था ही दोन्ही मार्गांच्या अवस्थांची बेरीज असते. ही नुसती आपल्या अज्ञानाची कबुली असती, तर प्रत्येक फटीचा हिशेब स्वतंत्र मांडून त्यांची साधी बेरीज केली असता पलीकडील नोंद जुळली असती; प्रत्यक्षात तेथे प्रकाशलहरींप्रमाणे व्यतिकरणाचे पट्टे उमटतात, आणि एक फट बंद करताच ते नाहीसे होतात. अध्यारोपणाचा अस्सल दाखला तो हाच, आणि पुढील साऱ्या वादात पुरावा म्हणून तोच मागितला जातो.

१९३५ साली एर्विन श्रोडिंगर याने हा नियम मुद्दाम थोर वस्तूपर्यंत ओढत नेला. पोलादी पेटीत कोंडलेले मांजर, शेजारी किंचितसे किरणोत्सारी द्रव्य, त्यातला एखादा अणू तासाभरात फुटेल किंवा न फुटेल अशी समसमान शक्यता, आणि फुटलाच तर हातोडी पडून विषारी आम्लाची कुपी फुटावी अशी योजना. तेव्हा तासाअखेर अणूबरोबर मांजरही जिवंत आणि मृत या दोन अवस्थांची बेरीज होऊन बसेल, असे गणित सांगते. मांजर खरोखरच तसे असते, असा श्रोडिंगरचा दावा नव्हता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. सिद्धांताचा प्रचलित अर्थ किती हास्यास्पद निष्कर्षापर्यंत जाऊन पोहोचतो, हे दाखविण्याचा त्याचा हेतू होता.

प्रयोगशाळांनी मात्र या थट्टेचा मार्ग पायरीपायरीने चालून पाहिला. इलेक्ट्रॉनांचा तरंगस्वभाव १९२७ साली सिद्ध झाला, आणि १९३० साली हेलियमचे अणू व हायड्रोजनचे रेणू यांचेही विवर्तन, म्हणजे तरंगांसारखे पसरणे, दिसले. १९९९ साली व्हिएन्ना येथे अंतोन त्सायलिंगर, मार्कुस आर्न्ट आणि त्यांचे सहकारी यांनी साठ कार्बन-अणूंचे पोकळ गोलाकार रेणू भट्टीत तापवून, १०० नॅनोमीटर अंतराने फटी कोरलेल्या जाळीतून पाठविले. त्या रेणूची तरंगलांबी त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढीच असूनही व्यतिकरणाचे पट्टे स्पष्ट उमटले. २०१९ साली त्याच शहरात दोन हजारांपर्यंत अणूंचे, हायड्रोजन-अणूच्या पंचवीस हजार पटींहून जड असे रेणूही या कसोटीस उतरले. आकार वाढला म्हणून नियमाने कोठे हात आखडता घेतला, असे या मालिकेत एकदाही आढळले नाही.

मग मेज आणि मांजर यांचे काय? या प्रश्नाचा उलगडा १९७० साली हाइडेलबर्गच्या डीटर त्सेह याने आणि १९८१ पासून वोयचेख झुरेक याने केला. अध्यारोपण टिकते ते वस्तू कोणत्या मार्गाने गेली याची नोंद जगात कोठेही होत नाही तोवरच. त्या नोंदीसाठी मनुष्याने पाहावे लागते असे नाही; वस्तूवर आपटून दूर गेलेला हवेचा एक रेणू किंवा तिच्यापासून निघालेला उष्णतेचा एक किरण एवढा साक्षीदार तिला पुरतो. नेहमीच्या हवेत एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला तिनावर तेवीस शून्ये इतके रेणू आदळतात. तेव्हा मेजाच्या बाबतीत साक्षीदारांची ही गर्दी इतकी अफाट असते की, दोन अवस्थांमधील कलासंगती, म्हणजे त्यांच्या तरंगांचा परस्पर मेळ, आपल्या कल्पनेतही न मावणाऱ्या अल्प काळात विस्कटून जाते. व्हिएन्नाच्याच मंडळींनी २००४ साली याची रुजुवात करून दाखविली: सत्तर कार्बन-अणूंचे रेणू लेसरने अधिकाधिक तापवीत नेले, तसतसे ते स्वतःच किरण टाकून आपला ठावठिकाणा जाहीर करू लागले, आणि पट्टे पुसट होत होत लोपले.

साक्षीदारांना दूर ठेवता आले, तर पुष्कळ मोठी वस्तूही अध्यारोपणात राहू शकते. २००० साली न्यूयॉर्कजवळील स्टोनी ब्रूक आणि हॉलंडमधील डेल्फ्ट येथे अतिसंवाहक कड्यांत एकाच वेळी उजवीकडे व डावीकडे वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांचे अध्यारोपण साधले. २०१० साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी एक पट्टी, केवल शून्याच्या अगदी निकट थंड करून, एकाच वेळी कंप पावणारी आणि न पावणारी अशा अवस्थेत आणली गेली. २०२३ साली झ्यूरिचमध्ये नीलमणी जातीच्या, १६ मायक्रोग्रॅम वजनाच्या स्फटिकाची पाळी आली. तथापि येथे सावधगिरी हवी: त्या स्फटिकाच्या दोन कंपावस्थांत अणूंचे विस्थापन अणुकेंद्राच्या व्यासापेक्षाही कितीतरी कमी होते. वजन मोठे, पण दोन अवस्थांतील अंतर नगण्य. तेव्हा ‘मोठी वस्तू’ म्हणताना कशात मोठी, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

सजीवांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण सजीव तोच जो श्वास घेतो, उष्ण असतो आणि भोवतालाशी अखंड देवघेव करतो. आणि अध्यारोपणाला तर नेमका एकांत हवा. २०२० साली ग्रामिसिडिन नावाच्या, पंधरा अमिनो आम्लांच्या नैसर्गिक प्रतिजैविकाचे व्यतिकरण व्हिएन्नात दिसले. पण तो जिवाचा घटक, जीव नव्हे. २००७ साली बर्कलीच्या शास्त्रज्ञांना हरित गंधक-जीवाणूंच्या प्रकाशग्राही प्रथिनांत दीर्घकाळ टिकणारी कलासंगती आढळल्याचे वाटले, आणि निसर्गाने अध्यारोपणाचा व्यापार आधीच चालविला आहे अशी चर्चा रंगली. पुढील दशकभराच्या छाननीत ते स्पंदन मुख्यत्वे रेणूंच्या सामान्य कंपनांचे ठरले. २०२१ साली टार्डिग्रेड नामक सूक्ष्म प्राणी सुकवून, केवल शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या तपमानात, अतिसंवाहक मंडलावर ठेवला गेला. तो ४२० तासांनंतर पुन्हा हालचाल करू लागला, ही नवलाची गोष्ट खरीच. पण मंडलाशी त्याचे पुंजबंधन जुळले होते, म्हणजे दोहोंची मिळून एकच अविभाज्य अवस्था झाली होती, हा दावा बहुतेक भौतिकीविदांनी मानला नाही, कारण निर्जीव धूलिकणानेही मंडलाची वारंवारता तशीच बदलली असती.

एवढ्याने खटला मिटतो असे मात्र नाही. दोन शक्यता एकमेकींत मिसळताना का दिसत नाहीत, एवढेच साक्षीदार सांगतात. त्या दोहोंतली एकच प्रत्यक्षात का उतरते, याचा खुलासा त्यांच्याकडे नाही. म्हणून १९८६ साली गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी पुंजयामिकीच्या मूळ समीकरणालाच दुरुस्ती सुचविली: वस्तू मोठी होत जाईल तसे अध्यारोपण आपोआप कोसळावे. अशा सर्व योजनांचा २०१३ साली जो विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तेजिंदर पाल सिंग होते. हे कोसळणे गुरुत्वाकर्षणामुळे घडते, या डिओशी व पेनरोज या भौतिकीविदांच्या कल्पनेच्या सर्वांत साध्या रूपाला इटलीतील ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगाने २०२० साली नकार दिला. अन्य रूपे अद्याप विचाराधीन आहेत.

आजवरच्या पुराव्यावरून एवढे म्हणता येते की, पुंजनियमांच्या मुलुखाला आकारमानाची सरहद्द कोणी दाखविलेली नाही. मांजर त्या मुलुखातच राहते, फक्त गर्दीच्या भर बाजारपेठेत. एखाद्या आकाराच्या पलीकडे हा कायदा स्थगित होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तो आकार सांगावा आणि तेवढी वस्तू एकांतात ठेवून पट्टे नाहीसे करून दाखवावेत. कायद्यातून सूट मागणाऱ्यानेच पुरावा दाखल करावयाचा असतो.