घरच्या घरी मोगऱ्याचे अत्तर

ही विद्या मराठीला नवी नाही. ‘गंधवाद’ या संस्कृत ग्रंथाच्या मराठी टीकेसह मिळालेल्या हस्तलिखिताचा परिचय पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी १९४५ साली करून दिला.

पण मोगरा घरी उकळून अत्तर होईल काय? नाही. गुलाबाला भट्टी मानवते, मोगऱ्याचा नाजूक वास आचेने बिघडतो. शिवाय मोगरा गंध फारसा साठवून ठेवीत नाही. खुडलेली कळी संध्याकाळी उमलू लागली म्हणजे तो तयार होतो आणि रात्रभर दरवळत राहतो. हा निसटता वास तेल-तूप धरून ठेवते. म्हणूनच पूर्वी तिळांत फुलांचे थर देत आणि मग ते तीळ घाण्यावर गाळीत.

ठाण्या-कल्याणच्या बाजारातून उन्हाळ्यात कळ्या आणाव्या. पसरट भांड्यात वास नसलेले तिळाचे तेल घेऊन सायंकाळी त्यावर त्या पसराव्या, झाकावे, सकाळी काढून टाकाव्या. तेल तेच, कळ्या रोज ताज्या, असे आठ-दहा दिवस. फुलवाले कळ्यांवर पाणी शिंपडतात, ते आधी फडक्याने टिपावे. ओल राहिली की सारी मेहनत कुबट होते, आणि आपली खाडीकाठची हवा दमट! दुकानी अत्तराइतके हे तीव्र नसते, मनगटाला पुरते. लाकडाच्या पॉलिशचे स्पिरिट मात्र त्यात कदापि घालू नये. त्यात मेथिल अल्कोहोल असू शकते, आणि ते विष कातडीतूनही भिनते.