ग्रेडच्या पलीकडचा नंबर

युरोपीय गाडीत कोणते ऑइल घालायचे, असे विचारले की आपल्याकडे आजही बहुतेक ठिकाणी ‘५डब्ल्यू-४० सिंथेटिक’ एवढेच उत्तर मिळते. गेल्या तीस वर्षांचा मागोवा घेतला तर हे उत्तर अपुरे असल्याचे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहील आणि तापल्यावर किती घट्ट राहील, एवढेच ग्रेड सांगते. त्यात कोणती रसायने किती आहेत, याचा पत्ता तिच्यावरून लागत नाही. तो लागतो कारखान्याच्या मान्यतेच्या नंबरावरून, आणि मॅन्युअलमध्ये आधी तोच शोधायला हवा.

युरोपीय वाहन उत्पादकांच्या ‘एसीईए’ संघटनेचे ऑइलविषयक निकष १९९६ मध्ये आले, पण त्यावर न थांबता कंपन्यांनी स्वतःच्या कडक चाचण्या लावल्या. त्यामागचे कारण फोक्सवॅगनच्या ‘पंप-ड्यूझ’ डिझेल इंजिनात स्पष्ट दिसते. त्यात इंजेक्टर थेट कॅमशाफ्टच दाबते आणि डिझेलचा दाब २,००० बारच्या आसपास जातो. इंजेक्टरच्या कॅमला जागा करून देण्यासाठी व्हॉल्व्हचे कॅम अरुंद करावे लागले, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावरचा भार वाढला. ५०५ ०१ हा नंबर या इंजिनांसाठीच काढला गेला. ग्रेड तीच, पण हा नंबर नसलेले ऑइल वापरले तर कॅम झिजण्याचा धोका राहतो. आपल्याकडे आलेल्या स्कोडा लॉराच्या १.९ डिझेलमध्ये हेच तंत्र होते, म्हणून जुनी लॉरा घेणाऱ्याने हा नंबर आजही पाहावा.

२००४ मध्ये एसीईएच्या निकषांत ‘सी’ वर्ग आला तो डिझेलच्या काजळीच्या फिल्टरमुळे. फिल्टरमधली काजळी जाळून टाकता येते. ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख मात्र जळत नाही, ती साचत राहते. म्हणून या वर्गातल्या सी३ ऑइलमध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के ठेवली गेली, तर ए३/बी४ वर्गात ती १.६ टक्क्यांपर्यंत चालत असे. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-४०च लिहिलेले असू शकते!

आपल्या उन्हाळ्यात जाडच ऑइल हवे, हा आक्षेप नेहमी येतो. पण तापलेल्या इंजिनातल्या ऑइलचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी वर असते, आणि सी३ची एक चाचणी तर १५० अंशांवर जोराच्या घर्षणात होते. मान्यता हा कंपन्यांचा धंदा आहे, हा दुसरा आक्षेप. धंदा त्यात आहेच, पण एकाच नंबराची मान्यता अनेक ऑइल कंपन्यांकडे असते, म्हणजे ग्राहक एका ब्रँडला बांधला जात नाही.

तिसरा आक्षेप इंधनाचा, आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. गंधकाच्या आम्लाला मारणारा क्षार कमी राखेच्या ऑइलमध्ये कमी असतो, त्यामुळे जास्त गंधकाच्या इंधनावर ते लवकर थकते. असे इंधन असलेल्या देशांसाठी कंपन्या ए३/बी४सारख्या जुन्या वर्गाचे ऑइल सुचवत. म्हणूनच जर्मनीतल्या मॅन्युअलपेक्षा आपल्या देशातले मॅन्युअल प्रमाण मानावे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक १० पीपीएमवर आले आणि ही अडचण बरीचशी सरली. डबा घेताना मागची बारीक अक्षरे मात्र नीट वाचावीत: कंपनीची ‘मान्यता आहे’ असे लिहिणे वेगळे, आणि ‘या गाड्यांसाठी योग्य’ असे ऑइलवाल्याने स्वतःच म्हणणे वेगळे.