उघाडीचे दार कोण लावते?

पेण तालुक्याच्या खारेपाटात तुमचे कुणी नातेवाईक असतील, तर पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर खाडीच्या बांधावर जरूर जा. बांधाच्या एका बाजूला खाडीचे खारे पाणी, तर दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. बांधात मधूनमधून मोरी ठेवलेली असते. तिला तिकडे 'उघाडी' म्हणतात. उघाडीच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेले दार असते आणि ते फक्त खाडीच्याच दिशेने उघडते.

ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. भरती आली की खाडीचे पाणी तेच दार दाबून मिटवते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, त्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण! तरीही दर वेळी दार लावायला माणूस धावत नाही. मग दार लावते कोण? पाणीच! कोणत्या बाजूचे पाणी वर आहे, एवढी एकच गोष्ट या दाराला 'कळते' आणि तेवढ्यावर त्याचे काम भागते.

पण समजा, दारात एक ओंडका अडकला. दार अर्धवट उघडे राहील आणि आपले काम फसले हे त्याला कळणारच नाही. खारे पाणी खाचरात शिरले तर हातचे भात जातेच. शिवाय जमिनीत उतरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढचे पीकही धोक्यात येते. म्हणजे काम आपोआप होणे पुरेसे नाही. ते झाले की नाही, हे तपासणेही आवश्यक आहे.

केलेले काम तपासा

एक लांब काठी तळहातावर उभी धरा. काठी जिकडे कलेल तिकडे तुमचा हात सरकतो आणि ती सावरते. आता डोळे मिटा. काठी लगेच पडेल! हात तोच, काठी तीच. फक्त डोळ्यांकडून येणारी खबर बंद झाली. परिणाम पाहून पुढची कृती बदलण्याच्या या युक्तीला प्रत्याभरण म्हणतात. बोलताना आपण फीडबॅक म्हणतो. 1788 च्या सुमारास जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचा वेग राखण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला, तो याच तत्त्वावर चालत होता. असे नियंत्रक कधीकधी वेग स्थिर राखण्याऐवजी हेलकावे का घेतात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडले.

धाटावचा प्रश्न

पेणहून आता रोह्याला चला. कुंडलिका नदीकाठी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतल्या काही रासायनिक क्रियांमध्ये उष्णता बाहेर पडते. तापमान सुमारे 10 अंशांनी वाढले की अनेक क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता वाढली की वेग आणखी वाढतो. भांड्याभोवती खेळवलेले थंड पाणी उष्णता काढून घेते खरे, पण ती एवढ्या झपाट्याने वाढत नाही. एकदा तोल गेला की स्फोटापर्यंत मजल जाऊ शकते. कामगार आणि शेजारची गावे यांची सुरक्षितता त्या पाण्याच्या झडपेवर अवलंबून असते.

झडप किती उघडायची? 1922 मध्ये निकोलस मिनॉर्स्कीने जहाजाच्या सुकाणूसाठी अशाच प्रश्नाचे उत्तर शोधले. मुरलेला सुकाणूवाला तीन गोष्टी पाहतो, हे त्याने हेरले होते: आत्ता चूक किती आहे, आतापर्यंत किती साचली आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे. आजही कारखान्यांतले बहुतेक नियंत्रक याच तीन बाबींची बेरीज करून झडप फिरवतात.

पवईची पट्टी

हे शिकायचे कुठे? खऱ्या भांड्यावर चुका करता येत नाहीत. मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. मध्ये प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने त्यासाठी एक छोटे उपकरण तयार केले. एक पोलादी पट्टी, तिला तापवणारी तार, थंड करणारा पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक, एवढाच त्याचा संसार. विद्यार्थी दूरच्या गावाहून इंटरनेटवरून त्याला आज्ञा देतो आणि पट्टीचे तापमान कसे बदलते ते पाहतो. आज्ञा चुकली तर तापमान हेलकावे घेते, पण कुणाचे नुकसान होत नाही.

गाडीला कळले पाहिजे

रोह्यालाच कोकण रेल्वे सुरू होते. 1998 मध्ये हा मार्ग पूर्ण खुला झाला. याच रेल्वेचे राजाराम बोज्जी यांच्या पुढाकाराने 'रक्षा कवच' हे टक्करविरोधी यंत्र तयार झाले. उपग्रहांच्या संदेशांवरून गाडीने स्वतःची जागा ओळखायची, रेडिओवरून दुसऱ्या गाडीला कळवायची आणि धोका दिसताच चालकाची वाट न पाहता ब्रेक लावायचा. कठीण भाग ब्रेकचा नव्हता. समोरची गाडी आपल्याच रुळावर आहे की शेजारच्या, हे ओळखणे अवघड होते. शेजारचे रूळ जेमतेम चार-पाच मीटरवर असतात आणि उपग्रहावरून काढलेल्या जागेत तेवढी चूक सहज होते. 2020 मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या 'कवच'मध्ये रुळांतच ओळखपट्ट्या बसवतात, त्या गाडीला तिची जागा सांगतात. यंत्राला निर्णयाचा अधिकार द्यायचा, तर आधी त्याला नीट 'पाहायला' शिकवावे लागते.

करून पाहा

काठीचा प्रयोग आता पेन्सिलीवर करा. डोळे उघडे असूनही ती सावरत नाही! आखूड वस्तू लवकर कलते आणि डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत सुमारे पाचवा भाग सेकंद जातो. तेवढ्यात पेन्सिल पडते. खबर खरी असून भागत नाही, ती वेळेवरही यावी लागते. वेगवेगळ्या लांबीच्या काठ्या घ्या, प्रत्येक किती वेळ उभी राहते ते वहीत मांडा आणि आलेख काढून तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.