पाठीतले इंजेक्शन कशासाठी?

लावणीत वाकून धरलेली कंबर बहुधा हिंडतेफिरते राहिल्यास काही आठवड्यांत सुटते. तीन महिने उलटूनही दुखतच राहिली, तर मणक्यांमागच्या लहान सांध्यांचा संशय येतो. क्ष-किरण फोटोत झीज दिसली म्हणजे मूळ सापडले असे नव्हे. न दुखणाऱ्या पाठीतही झीज असते.

म्हणून डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सांध्याच्या मज्जातंतूजवळ बधिरतेचे औषध सोडतात. काही तास दुखणे पुष्कळ ओसरले, तर दोष बहुधा त्याच सांध्याचा. खात्रीसाठी चाचणी आणखी एके दिवशी करतात. त्या दिवशी अंथरुणावर पडून राहू नये. डॉक्टर सांगतील तसे एरवी दुखणारे काम करून पाहावे व आराम किती वेळ टिकला ते लिहून ठेवावे. दुखणे परतले म्हणून पैसे वाया गेले असे समजू नये. ही केवळ परीक्षा होती.

उपचार पुढे. मज्जातंतूला सुईने उष्णता दिल्यास अनेकांना काही महिने आराम पडतो; तंतू वाढला की दुखणे परतू शकते. स्टेरॉइडचा गुण कमी टिकतो व मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे.

पाय लुळा पडला किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.