विणलेली बैठक

'खुर्ची' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सत्ता उभी राहते. आज ज्या खुर्चीचा विचार करावयाचा आहे, ती मात्र दरबारातली नव्हे. फ्रान्समधील खेड्यापाड्यांत जेवणाच्या मेजापाशी मांडली जाणारी ती साधी लाकडी खुर्ची होय. ती समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. शहापूर-मुरबाडकडील पाड्यावर अंगणात टाकलेली बाज नीट पाहिली, तरी पुरे.

बाजेत दोन गोष्टी असतात : चार खूर व चार गाती यांचा सांगाडा, आणि त्यावर विणलेला सुंभ. माणूस बसला की सुंभ ताणला जातो व समोरासमोरच्या गातींना आत ओढतो. म्हणून गातीचे टोक खुराच्या भोकात घट्ट बसलेले असावे लागते. सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकावा आणि विणकाम झिजले की नवे करावे, अशी ही योजना आहे.

फ्रेंच खुर्चीची योजनाही हीच. तिथे सुंभाऐवजी पाणथळीतले लव्हाळे किंवा धान्याचा पेंढा वापरतात. लव्हाळे भिजवून, पीळ देत देत चारही दांड्यांभोवती गुंडाळतात. कोपऱ्यांपासून निघालेले विणकाम मध्यावर पोहोचते, तेव्हा बैठकीवर चार त्रिकोण उमटलेले दिसतात. चित्रकार व्हॅन गॉग याने १८८८ साली आर्ल येथे जी पिवळी खुर्ची रंगविली, तिची बैठक अशीच होती.

आपल्या परिचयाची वेताची खुर्ची ही हिची बहीण. सतराव्या शतकात पूर्वेकडून वेत युरोपात गेला. पुढे मिखाएल थोनेट याने वाकविलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची १८५९ साली बाजारात आणली. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांतील खुर्च्या याच कुळातल्या.

आता व्यवहाराचे बोलू. जुनी खुर्ची पारखताना फाटक्या बैठकीला भिऊ नये. पाठीला धरून ती हलवून पाहावी. सांधे डुगडुगत नसतील आणि लाकडातून भुसा गळत नसेल, तर खुर्ची जिवंत आहे असे समजावे. वेताची बैठक केवळ सैल झाली असेल, तर खालच्या बाजूने ओला फडका फिरवून रात्रभर सुकू द्यावी. सुकताना वेत आखडतो व जाळी पुन्हा ताठ होते. फाटलेल्या जागी फळी ठोकण्याचा मोह मात्र टाळावा. खिळ्यांनी दांडे चिरतात, आणि मग त्या खुर्चीवर पुन्हा विणकाम करणे कठीण होते.

या तालुक्यांच्या रानात साग आहे. सागाला सहसा वाळवी लागत नाही आणि तो फारसा वाकतही नाही. म्हणजे सांगाड्याची चिंता नाही. चिंता आहे ती विणणाऱ्या हाताची. प्लॅस्टिकची खुर्ची स्वस्त, हलकी, पावसात भिजली तरी बिघडत नाही. हे तिचे गुण मान्य केलेच पाहिजेत. पण तिचा पाय तडकला की ती कचऱ्यात जाते. विणलेल्या खुर्चीचे आयुष्य मात्र गावात विणणारा कोणी आहे की नाही, यावर ठरते. त्याला काम मिळाले नाही, तर तो ती विद्या मुलाला कशासाठी शिकवील? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो खरे. पण पीळ द्यायला हातच उरला नाही, तर ती म्हणही पोकळ ठरेल. तेव्हा माळ्यावरची मोडकी खुर्ची भंगारात घालण्यापूर्वी, बाज विणणारा कोणी जवळपास आहे का, एवढी चौकशी प्रत्येकाने अवश्य करावी.