दुसरा घोट

"वहिनी, एकदा चाखून तर बघा!"

धाकटे भावजी पुण्याहून येताना बिअरची बाटली घेऊन आले होते. नेहमीची नव्हे हं, लहानशा कारखान्यात थोडी थोडी बनवतात ती 'ब्लाँड एल'. सोनेरी रंगावरून पडलेलं नाव. मी घोटभर घेतली आणि नाक मुरडून ग्लास खाली ठेवला. कोमट, आणि वास तर नको नको झाला! मी तडक स्वयंपाकघर गाठलं.

खरं सांगू? राग चवीचा नव्हताच. लहानपणी आमच्या वाड्यात शेजारच्या काकू रोज तिन्हीसांजेला जीव मुठीत धरून दाराशी उभ्या असायच्या. काका आज कसे येतात, पायांवर की कुणाच्या खांद्यावर! तो वास माझ्या डोक्यात कायमचा बसला. हे कधीमधी मित्रांबरोबर थोडी घेत आणि मी दोन दिवस अबोला धरी. कारण मात्र कधी सांगितलं नाही.

दिवाळीत पुण्याला गेलो, तेव्हा जाऊबाई हसून म्हणाल्या, "ताई, ती बाटली दिवसभर गाडीत उन्हात पडली होती. दूध तसं ठेवलं असतं, तर तुम्ही प्यायला असता का?"

मुद्दा पटला. मग त्यांनी सगळं समजावलं आणि मला गंमतच वाटली. नाचणीच्या सत्त्वासाठी आपण मोड आणतो ना, तसे जवाला मोड आणून ते वाळवतात. ते भरडून गरम पाण्यात भिजवले, की गोडसर पाणी निघतं. हॉप्स नावाच्या वेलाची फुलं त्यात उकळतात, त्यांचा कडवटपणा उतरतो. गार झाल्यावर यीस्ट घालतात, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच जातीचं. ब्लाँड एलमध्ये हॉप्स बेताचे, म्हणून ती सौम्य. मद्यार्क साधारण 4 ते 5 टक्के. युरोपात मध्ययुगात घरोघरी एल बनवायच्या त्या बायकाच! हॉप्समुळे पेय टिकतं, हे बाराव्या शतकात लिहून ठेवलं तेही हिल्डेगार्ड नावाच्या जर्मन जोगिणीने.

हॉप्सचं उन्हाशी वाकडं. उजेड लागला की घाण वास सुटतो, म्हणून बाटली तपकिरी बरी. ती अंधारात, गार जागी, उभी ठेवावी आणि ताजी असतानाच संपवावी. ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहिला, तर फेस बसतो. ग्लास तिरका धरून ओतावं, शेवटी सरळ करावा. सोबत भाजलेले शेंगदाणे, काकडी असं साधंच.

या वेळी घोट घेतला. गार, हलका, ताज्या पावासारखा वास, शेवटी किंचित कडू. वाईट नव्हता! अर्धा ग्लास संपवला, बाकीचा ह्यांच्याकडे सरकवला. आणि त्या रात्री लग्नानंतर प्रथमच शेजारच्या काकूंची गोष्ट ह्यांना सांगितली. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढं मनात ठेवलंस? आधी बोलली असतीस तर!"

दोघांनी मिळून नियम केले. गाडी चालवायची असेल, त्याने थेंबही घ्यायचा नाही. एका ग्लासावर थांबायचं. कुणी नको म्हटलं, तर आग्रह नाही.

मैत्रिणींनो, 'तुम्हीही प्या' असं मी मुळीच सांगत नाही. मद्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट म्हटलं आहे. गरोदर असताना, अंगावर पाजताना नकोच, आणि औषधं चालू असली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्या राज्यात एकविसाच्या आत तर कायद्यानेच मनाई आहे.

मी पुन्हा घेईन की नाही, कोण जाणे. पण आमच्या घरातला तो अबोला मात्र गेला, तो गेलाच.